मुक्या पट्टीचं गाणं

दादा,

तुमची एक कॅसेट सापडली, आणि ती कुणी गायली आहे यावरून तुमच्या या लेकीचं काकांशी वाजलं. काका म्हणजे तुमच्या गायन पार्टीतले गायक काका. तुम्ही पेटीवर आणि ते माइकसमोर, नव्वदीच्या सगळ्या वर्षांत मी असंच पाहिलं. आता त्यांचं वय झालंय, तोरा मात्र तोच आहे. झालं असं, की नाशिकरोडच्या आपल्या कॉलनीतल्या पोरांनी यंदा जयंतीला पार्टीच्या जुन्या भीमगीतांची सीडी काढायचं ठरवलं. मी माळ्यावरून तुमच्या कॅसेटी काढून दिल्या. त्यातल्या एकीवर ना कागद, ना नाव. स्टुडिओत नीट केलेलं रेकॉर्डिंग, पण बाजारात कधीच न आलेलं. विहाराच्या ओट्यावर बसून लावलं, आणि पोरं बोलायची थांबली. पुरुषाचा आवाज होता, भरदार आणि खुला. “काकाच की हे!” एक जण म्हणाला. काकाही मान डोलवत म्हणाले, “माझाच हाय. दोन-तीनदा गेलो होतो ना आपण स्टुडिओत. हे बघ, श्वास कुठं घेतो ते ऐक. ह्या समद्या जागा माझ्या हायेत.” “दादांचाही असू शकतो,” एवढंच मी म्हणाले. म्हणजे माझ्या मानाने थोडंच बोलले.

दादा, मला तुमचा आवाज माहीत नाही. तुमच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रांगत होते. कळायला लागल्यापासून मी ऐकली ती तुमची कुजबुज. शाळेत सोडताना, भाजी निवडताना, आईशी भांडतानासुद्धा कुजबुज. तुमचं भांडण ऐकायला शेजाऱ्यांना भिंतीला कान लावावा लागायचा, असं आई चिडवायची. ‘तुझे दादा आधी गायचे’ एवढं सगळेच सांगायचे, पण कसे गायचे हे सांगून थोडंच कळतं? आई असती तर तिने पहिल्या ओळीलाच ओळखलं असतं, पण तीही तुमच्यामागे लगेच गेली. पार्टीतले ढोलकीवाले मामा कळवणला मुलाकडे असतात आणि त्यांना आता ढोलकीसुद्धा ऐकू येत नाही. उरलो मी आणि काका, आणि आम्हा दोघांनाही तो आवाज आपापला हवा होता. तो काकांचा निघाला असता तर तुमचा आवाज मला दुसरीकडे कुठेही मिळणार नव्हता.

मग मी ती कॅसेट घरी आणून स्वयंपाकघरात लावून ठेवली. पोळ्या लाटताना ऐकायची, भांडी विसळताना ऐकायची. मुलगा म्हणाला, “आई, आता पोळपाटच गायला लागेल.” एकदा फोडणी देता देता मला काहीतरी खटकलं. गाणाऱ्याच्या मागे पेटी छान चालली आहे, आणि एका सुरावर आली की गप्प होते. पुढच्या सुरावर पुन्हा बोलते. आधी वाटलं, टेप खराब असेल. पण ढोलकी तर चालूच होती. दर कडव्यात तोच एक सूर गायब! कढई तशीच ठेवून मी खाली बसले, कारण ती मुकी पट्टी मला माहीत होती.

बालवाडीत असताना मी तुमची पेटी ओढून काढायचे आणि ती एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबायचे. बाकीच्या बोलतात आणि ही का बोलत नाही, याची मला फार गंमत वाटायची. ऑपरेशननंतर तुम्ही पेटीला हातच लावला नव्हता, ती कॉटखाली नुसती पडून होती. एके दिवशी तुम्ही माझं बोट धरून बाजूला केलंत आणि कुजबुजलात, “तिला छळू नको. मुकी झालीये, मेली नाही.” तुम्ही मला रागावलात असे दिवस कमीच, म्हणून हा लक्षात आहे. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी आपण पेटी घेऊन पंचवटीला निघालो.

सिंहस्थाचं वर्ष होतं. त्या गर्दीशी आपलं काय देणंघेणं, पण पेटी दुरुस्त करणारा नेमका त्याच गल्लीत. रिक्षा आत सोडत नव्हते. तुमच्या डोक्यावर पेटी, माझ्या हातात तुमच्या शर्टाचं टोक. लोक पेटीला देवाचं काही समजून वाट देतायत, आणि तुम्ही गालात हसताय. दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली, तर तुटलेल्या सुराजवळ कांद्याची सालं! “पेटीत काय भजी तळता का?” तो म्हणाला. तुम्ही त्याला हळूहळू सांगितलंत, नामपूरच्या कार्यक्रमाहून परतताना कांद्याचा टेम्पो मिळाला होता, खड्ड्यात पेटी आपटली, तेव्हापासून ही पट्टी बंद. म्हणजे तुम्ही गात होतात तेव्हापासून. काका पार्टीत आले ते पेटी दुरुस्त झाल्यावर, तुम्हाला नवा गळा हवा होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन काकांकडे गेले. जिंकायलाच गेले होते, उगाच कशाला लपवू? “काका, तुम्ही आलात तेव्हा पेटी कशी होती?” “धडधाकट! दादानं नुकतीच करून आणली व्हती.” मी टेप लावला. पेटी गप्प झाली की मी बोट वर करायचे. पहिल्या कडव्यात काका कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. दुसऱ्या कडव्यात त्यांनीच बोट वर केलं. पेटी जिथे गप्प, तिथे गाणारा आवाजाला जोर देतो, आणि तेही पेटी गप्प होण्याच्या किंचित आधीपासून. ज्याची स्वतःची बोटं पेटीवर आहेत त्यालाच हे जमणार.

काकांनी टेप बंद केला. मग म्हणाले, “हे गाणं दादानं मला बसवून दिलं. पेटीवर वाजवायचा आन् कानात सांगायचा, इथं श्वास घे, इथं सोड. आन् ह्याच जागेला म्हणायचा, जोर दे. मी इचारायचो, पेटी बोलती हाय ना दादा, मंग मी कशाला वरडू? तर नुसता हसायचा.” त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या, गुरूचं नाव घेताना धरतात तशा. “पोरी, मी जन्मभर तुझ्या बापाचाच गळा गायलो की गं.” मला जिंकल्याचा आनंद होईना, रडूच आलं. मग काकांनीच डोळे पुसले आणि त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. एकदा त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, आपली कॅसेट कधी काढायची? तुम्ही म्हणालात, “एक करून ठेवलीये. पण ती बाहेर काढली तर कार्यक्रमाच्या सुपाऱ्या येतील, आणि गायला उभं कोण राहणार? लोकांना फसवल्यासारखं होईल.” काकांना तेव्हा अर्थ लागला नव्हता; त्या कॅसेटवर तुमचाच आवाज आहे हे त्यांना कुठे माहीत होतं!

सीडीवर त्या गाण्याचे गायक म्हणून तुमचं नाव आलं. तेही काकांनीच छापखान्यात उभं राहून बघून घेतलं. जयंतीच्या सकाळी विहारावरच्या कर्ण्यातून तुम्ही गायलात, दादा. बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या. काका खाली सतरंजीवर बसून तुमच्यामागे कोरस धरत होते आणि त्या जागेला पुन्हा जोर देत होते. माझा मुलगा म्हणाला, “आजोबांचा आवाज किती मोठा होता!” मी इतकी खूश होते की शेजारणीला दोनदा मिठी मारली.

हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच नाही, ते माझ्याचजवळ राहील. पण तुम्हाला सांगायचं होतं ते नुसतं सीडीचं नाहीच. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि तरी माझे कान काहीतरी शोधतच राहिले. तुमचा मोठा आवाज फार सुंदर आहे, दादा. पण तो ऐकताना मला तुम्ही कुणी परके वाटलात. मी वाट बघत होते ती तुमच्या कुजबुजीची.