तोसिवोचे हात

उमान बेट, ४ मार्च १९९१

ती. एस्तिनाताईस तोमिकोचा सा. न. वि. वि.

तू ग्वामहून पाठवलेलं तांदळाचं पोतं आणि मांसाचे डबे पोचले. त्यावरच चाललंय आमचं. माझा तोसिवो समुद्रात बुडाला तेव्हापासून चालीप्रमाणे त्याची बाग आणि त्याचा मासेमारीचा खडक दोन्ही बंद आहेत. त्याच्या वर्षाचं जेवण होईपर्यंत तिथलं केळंही तोडायचं नाही.

लिहावं की नको कळेना. दिवेलागण झाली की रोसालीन चाचपडत चालते. काल भाताच्या पातेल्यातच पाय घातला. रागावले तर हसून म्हणाली, की बाबा मागून येऊन डोळे झाकतो. सासूबाई म्हणतात, बापाचा जीव पोरीत अडकलाय. ताई, मला भीती नाही वाटली. उलट संध्याकाळ कधी होते याची वाट बघते.

दिवस मावळायच्या आत पत्र संपवते. लोभ आहेच, पण पत्रातून दिसू दे.

तुझी तोमिको


ग्वाम, २२ मार्च

चि. तोमिकोस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या नर्सबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, याला रातांधळेपण म्हणतात, नुसत्या भातावर राहिलेल्या पोरांना होतं. हयगय केली तर पुढे दिवसाचंही दिसेनासं होतं. पिवळ्या गराची केळी, पपई, माशाचं काळीज पोटात गेलं पाहिजे. आणि मी बसलेय पोत्यावर पोती पाठवत, बहिणीला पोसतेय म्हणून.

तोसिवोच्या बागेत पिवळ्या केळीच केळी आहेत. थोरल्या दिरांना विचार. नाही म्हणाले तर चोर. चोरी तुला नवी नाही, माझा गुलाबी झगा मी विसरलेले नाही.

पोरीला पापे. तू आपली जिवाला जप.

तुझी ताई


उमान, १९ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

दवाखान्यातलं यावरचं औषध संपलंय. थोरले दीर म्हणाले, बाग मुदतीआधी उघडली तर तोसिवो कायमचा निघून जाईल, मग रडू नकोस. मी कोयता घेऊन कुंपणापर्यंत गेले आणि परत आले. पुढच्या कितीतरी संध्याकाळी ओट्यावर बसून रोसालीनचं ते हसणं ऐकत राहिले. आई म्हणवून घेते मी.

मग ती धक्क्यावरून पाण्यात पडली. सासूबाईंनीच केसांना धरून ओढून काढली. मी तिला उराशी धरलं आणि तशीच ओल्या अंगाने जाऊन घड तोडला. दीर बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच दारात मासा आणून ठेवला, काळजासकट.

आता रोसालीनला दिसतं. परवा अंधारातून पळत आली आणि रडायला लागली. म्हणाली, बाबा येईनासा झाला.

तू विचारशील, मी खाल्लं का. पोरीला पुरावं म्हणून नाही खाल्लं, असं सासूबाईंना सांगितलंय. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. अंधारात मलाही दिसत नाही, म्हणून तर पत्रं दिवसाउजेडी लिहिते. दिवेलागणीला रोसालीन माझा हात धरून मला घरात आणते. डोळे झाकणारा आता माझ्याकडे येतो, हे मी तिला कळू दिलेलं नाही.

रागावू नकोस. वर्षाच्या जेवणापर्यंतच.

तुझी तोमिको