इलॅस्टिकवरच्या चार खुणा

१४ मार्च

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी बरी आहे. खोलीची खिडकी एकदाची दुरुस्त झाली. वहिनीचा गुडघा कसा आहे? काजाचं मशीन अजून धागा तोडतं का?

तू पाठवलेलं पार्सल मिळालं. बाबांची मापांची वही आणि तिच्यात ठेवलेला इलॅस्टिकचा तुकडा. चिठ्ठी नव्हती. असावी अशी अपेक्षाही नव्हती.

त्यावरच्या पेनाच्या चार खुणा माझ्या. गेल्या सुट्टीत बाबा पायजम्याचा नेफा शिवत होते. म्हणाले, "प्रोफेसर, तू नेमकं करतेस काय गं तिथं?" मी खुणा करून इलॅस्टिक ताणलं. "या दीर्घिका. एकही आपली जागा सोडत नाही. मधली जागाच वाढते, म्हणून प्रत्येकीला वाटतं, बाकीच्या लांब चालल्या. मधोमध कुणीच नाही. आणि सगळ्यांच्या घड्याळात वेळ एकच."

"म्हणजे सोडून कुणीच जात नाही. बेस आहे," बाबा म्हणाले. "पण मग आपलं दुकान का ताणलं जात नाही? कटिंगचं टेबल तरी मोठं झालं असतं."

तू इतका हसलास, की सुईत ओवलेला दोरा निसटला.

मी म्हटलं, "जे एकमेकांना धरून असतं, ते ताणलं जात नाही, बाबा."

बाबांच्या अंत्यविधीनंतर मी पोचले, तेव्हा तू म्हणालास, "तू लांब गेलीस." मी म्हटलं, "गेले नाही दादा, अंतर वाढलं." पदवी घेऊन एवढंच शिकले बघ. तू दहावीनंतर मशीनवर बसलास म्हणून मिळालेली पदवी.

बाबा गेले त्या रविवारी साडेतीनला तुझा फोन आला. फोन बंद होता, असं मी तुला सांगितलं. बंद नव्हता. टेबलावर वाजत होता आणि मी बघत होते. उचलला असता तर बाबांसाठी निघावं लागलं असतं, आणि सोमवारी माझं व्याख्यान होतं. तुझ्याही घड्याळात साडेतीनच वाजले होते ना? बाबा पाचला गेले, असं वहिनी म्हणाली. म्हणजे माझा आवाज त्यांच्या कानावर पडला असता.

सोमवारी मी इलॅस्टिकचंच उदाहरण दिलं. लोकांना आवडलं.

दीर्घिकांना पाय नसतात, दादा. मला होते.

शनिवारी येते. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी पायरीवर बसेन.

हात सोडला तो मीच,
तुझी धाकटी