सात वर्षांचे अपडेट

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. सकाळी ७.१०

फोनवर मेसेज. एक नोव्हेंबरपासून व्हिडिओ कॉलचं ॲप या फोनवर चालणार नाही. फोन जुना झाला म्हणे. फोन मी वापरतो. जुना झाला की नाही ते मी ठरवणार! काच शाबूत, बॅटरी दुपारपर्यंत टिकते, आठ वर्षांत एकदाही पडला नाही. (एकदा पडला. गादीवर.) कंपनीनं मात्र दुसऱ्याच वर्षी अपडेट बंद केले. म्हणजे सहा वर्षं हा फोन बेवारस आहे आणि मला कुणी सांगितलं नाही.

प्रेमला म्हणाली, आजच नवीन आणू या. इंद्रायणीला सातवा संपत आलाय, डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलंय, दिवसभर घरात एकटी असते पोरगी. रोजचं बोलणं तुटायला नको.

तिला शांतपणे समजावलं. (ती म्हणते ओरडलो.) एकतीस वर्षं हायस्कूलला फिजिक्स शिकवलं. फोन मी कोथिंबिरीच्या जुडीसारखा आणणार नाही. हार्डवेअर बघणार, अपडेट किती वर्षं देतात ते बघणार. निवड शास्त्रशुद्ध होणार. मुदत आठ दिवस.

संकल्प: या काळात कुणावर चिडायचं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आलेखाच्या कागदावर तक्ता केला. कंपन्यांची नावं वाचली की मन एकीकडं कलतं, म्हणून त्यांना अ, ब, क, ड म्हणायचं. गुण शंभरपैकी. प्रोसेसर वीस, रॅम दहा, स्टोरेज दहा, बॅटरी पंधरा, कॅमेरा पाच, अपडेट चाळीस. पासिंग पंचाहत्तरला.

चौघंही नापास.

ओजसरावांचा फोन. जावई आमचे, हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये. म्हणाले, बाबा, मी इथून ऑर्डर करतो, परवा घरी येईल. मी विचारलं, प्रोसेसर किती नॅनोमीटरचा? म्हणाले, बघावं लागेल. बघावं लागेल! यांच्या हातात देशाचं सॉफ्टवेअर. नको म्हणून सांगितलं. यांनी घेतलेला फ्लॅटसुद्धा तसलाच, अकराव्या मजल्यावर. घरात साधं नेटवर्क येत नाही, वायफायवरच बोलायचं.

९ ऑक्टोबर, गुरुवार. रात्री जेवणानंतर

नवी पेठेतलं दुकान. काउंटरवर रेश्मा. माझी विद्यार्थिनी, नववी ब. हिला मी एकदा वर्गाबाहेर काढलं होतं, कारण आता आठवत नाही. ती म्हणाली, तिला आठवतंय. उभी राहिली, नमस्कार केला, स्टूल पुसून दिलं. अजून वचकून आहे.

मी ब कंपनीचा फोन मागितला. सात वर्षं अपडेटची हमी. फेरतपासणीत शंभरपैकी शहात्तर, हा एकच पास. तिनं खोका हातात ठेवला आणि म्हणाली, "सर, सात वर्षं लाँच झाल्यापासनं मोजतेत. तुमी घेतल्यापासनं न्हाय. ह्यो दोन वर्षांमागं आलाय. पाचच ऱ्हायलीत."

दुकानात सगळ्यांसमोर. मी म्हटलं, हे मला ठाऊक होतं, तुझी परीक्षा घेत होतो. ती बरं म्हणाली.

हा उघड दरोडा आहे. उघड! दूध पिशवीत भरल्यापासून मोजतात हे मान्य, पण फोन काय नासतो? कंपनीला दोन पानी पत्र लिहून मेल केलं. एका मिनिटात उत्तर: "तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे." मशिननं लिहिलेलं. मशिनला उलट उत्तर लिहिलं. तेच उत्तर परत आलं.

तक्त्यात नवीन रकाना: लाँचची तारीख. सगळे गुण नव्यानं मांडावे लागणार. मुदत वाढवली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सिद्धेश्वर तलावाकडं फिरायला गेलो. शिवलिंगप्पा भेटला. आमच्याच शाळेत पीटी शिकवायचा. म्हणाला, "काय बे भीमाशंकर, फोन घ्यायला मुहूर्त बघायलास का?" त्यानं परवा घेतला. कोणता, तर निळा. का, तर सोबत प्रेशर कुकर फुकट होता. रॅम किती विचारलं, तर म्हणाला तीन लिटर. आणि हसला! दोन फेऱ्या मारायच्या होत्या, एकही न मारता घरी आलो.

प्रेमलाला कुकरचं सांगितलं. तिला हसू येईल असं वाटलं. ती म्हणाली, म्हणजे त्यांच्याकडं फोनपण आला आणि कुकरपण.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

आज घ्यायचं ठरलं होतं. क कंपनी, ब्याऐंशी गुण. निघताना बातमी वाचली की क कंपनीचं नवीन मॉडेल वीस नोव्हेंबरला येतंय. आता घेतला तर महिनाभरात जुना. म्हणजे फसवणूक झाल्यावर मी ओवाळून घ्यायचं!

गेलो नाही. प्रेमला साडी नेसून दारात उभी होती. म्हणाली, निदान माझ्यासाठी साधासा एक घ्या, मला कुठं सात वर्षं लागतात. मी म्हटलं, एका घरात दोन चुकीचे फोन कशाला? तिच्याकडं बटणांचा आहे, त्यावर बोलता येतं. चेहरा दिसत नाही एवढंच. आमच्या वेळी कुणाचा दिसायचा?

ती साडी बदलायला आत गेली. फराळाचं ताट आणलं पण स्वतः बसली नाही. शंकरपाळे कडक झालेत, तेही बोललो नाही. संकल्प पाळला.

१ नोव्हेंबर, शनिवार

ॲप बंद झालं. सकाळी सहा वाजता बंद! दिवस तरी उजाडू द्यायचा. ग्राहक मंचाला पत्र लिहायला घेतलं. तीन पानं झाली. विरुद्ध पक्ष कोण, हा रकाना रिकामा आहे, कारण फोनची कंपनी ॲपकडं बोट दाखवते आणि ॲपवाले फोनकडं.

शेजारच्या सावित्रम्मा आल्या. त्या शिवणक्लास चालवतात, संध्याकाळी पाचला घरी येतात. म्हणाल्या, "पाचला माझ्या फोनवर बोला की ओ वहिनी, मला काय तरास न्हाई." प्रेमला गेली. सव्वासहाला आली. मी विचारलं, एवढा वेळ काय बोललात? म्हणाली, इंद्रायणीनं पोट दाखवलं. बाळ लाथ मारतं ते वरून दिसतं म्हणे.

मी तिथं जाणार नाही. दुसऱ्याच्या ओटीवर बसून मुलीशी काय बोलायचं? तसेही मुलींचे फोन आईसाठीच असतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

स्टोरेजचे दोन प्रकार असतात, एक वेगवान आणि एक रडतराऊत. खोक्यावर लिहीत नाहीत. मुद्दाम! रॅमही निम्मी खरी आणि निम्मी नावाची. आता प्रत्येक फोनचं गरम होणं तपासायचं. त्याचे व्हिडिओ आहेत, एकेक पाऊण तासाचा. (कॉम्प्युटरवर बघतो; ते ॲप त्यावरही चालत नाही.) एकूण बावीस.

प्रेमला रोज पाचला जाते. डोळे लाल करून येते. विचारलं तर म्हणते, सावित्रम्माकडं मिरची कुटत होते. रोज?

१२ नोव्हेंबर, बुधवार. रात्री

दुपारी साडेतीनला प्रेमलाच्या फोनवर ओजसराव. सकाळी अकराला इंद्रायणीला रक्तस्राव सुरू झाला. घरात एकटी. ओजसराव मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. तिनं आमच्या फोनवर सहा वेळा लावलं. लागणार कसं? आमचं ॲप बंद, तिच्या घरात नेटवर्क नाही. शेवटी इंटरकॉमवरून वॉचमनला बोलावलं. त्यानं आणि त्याच्या बायकोनं उचलून गाडीत घातलं.

बाळ ठीक आहे. ती ठीक आहे. दोन दिवस दवाखान्यात ठेवणार.

मीटिंगमध्ये फोन सायलेंटवर कोण ठेवतं? बायको पलंगावर असताना? आणि असला फ्लॅट घेतलाच कशाला? आणि ॲपवाल्यांना विचारा आता, अनुभव मोलाचा आहे का म्हणावं! ओजसरावांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, बाबा, मला आत बोलावतायत.

अकरा वाजता मी घरीच होतो. फोन टेबलावर होता. कॉम्प्युटरवर ड कंपनीचा फोन किती तापतो ते बघत होतो. बेचाळीस अंश.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

प्रेमला हैदराबादला गेली. बॅग रात्रीच भरली होती, मला सांगितलं नाही. स्टेशनवर सोडायला गेलो. मी म्हटलं, वीस तारखेला मॉडेल आलं की घेतो आणि लगेच येतो. म्हणाली, तुमचं चालू द्या. गाडी हलल्यावर मी हात केला. ती पाण्याची बाटली शोधत होती.

घरी आलो. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. चहा केला, उतू गेला. गॅसची शेगडी बनवणाऱ्यांना अक्कल नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आता घाई करण्यात अर्थ नाही. संकट टळलेलं आहे. इतके दिवस थांबलो, तीन दिवसांसाठी चुकीचा फोन घेणं हा अभ्यासाचा अपमान होईल.

सावित्रम्मा विचारायला आल्या, इंद्रायणी कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे. वजन किती वाढलं, झोप लागते का, त्यांना सगळं माहीत होतं. मला विचारत नव्हत्या, सांगत होत्या. दार जरा जोरात लागलं. वारा होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

फोन घेतला!

क कंपनी, नवीन मॉडेल, सात वर्षं, लाँच चार दिवसांपूर्वी. एक्क्याण्णव गुण. मी चौसष्टचा आहे, एकाहत्तर पूर्ण होईपर्यंत बघायला नको.

रेश्मानं पंधरा मिनिटांत सगळं चालू करून दिलं. मी तक्ता तिच्यासमोर पसरला, अकरा पानं. तिनं नीट वाचला, मधे एका ठिकाणी बेरीज चुकली होती ती दाखवली. मग म्हणाली, "सर, रागावणार नसला तर एक इचारू? फोन कुणाशी बोलायला पायजे होता?"

मी म्हटलं, प्रश्न हार्डवेअरचा आहे. ती व्हय म्हणाली आणि खोका पिशवीत घातला.

घरी येऊन प्रेमलाला ओजसरावांच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. पहिल्या रिंगला उचलला. चित्र एकदम स्वच्छ. मी म्हटलं, दिसतंय का? कसं दिसतंय? ती म्हणाली, तुम्ही वाळलात. मी कॅमेऱ्याबद्दल विचारत होतो. मग पंखा दिसायला लागला, कुणीतरी हाक मारली, फोन तसाच ठेवून ती गेली. आठ मिनिटं हैदराबादचा पंखा बघितला. एकदाही अडकला नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी २.२०

मुलगी झाली. दोन किलो सहाशे. दोघी सुखरूप.

ओजसरावांनी स्वतः फोन केला. रडत होते. मी त्यांना नॅनोमीटरचं वगैरे बोललो होतो, ते मला आठवत होतं. अभिनंदन म्हणायचं राहून गेलं. परत लावला तर बिझी. या नेटवर्कला काय झालंय?

३० नोव्हेंबर, रविवार. गाडीत, वाडी स्टेशनच्या पुढं

निघालो. वीस मिनिटं लेट. समोरच्या माणसानं विचारलं, कुठं? मी म्हटलं, नात झाली. त्यानं फोटो मागितला. त्याला दाखवताना माझ्याच लक्षात आलं की एकच फोटो आहे, तोही शिवलिंगप्पानं पाठवलेला. त्याला सावित्रम्मांनी पाठवला, त्यांना प्रेमलानं. मला थेट कुणी पाठवला नाही. हैदराबादला पोचल्यावर या विषयावर स्पष्ट बोलणार. सगळ्यांना बसवून.

२ डिसेंबर, मंगळवार. हैदराबाद

स्पष्ट बोलायचं राहिलं. काल सगळे थकलेले होते.

आज दुपारी प्रेमला अंघोळीला गेली, ओजसराव औषधं आणायला. बाळ माझ्या मांडीवर दिलं होतं. फार हलकं असतं. इंद्रायणी पलंगावर पडून माझ्याकडं बघत होती. मी विषय काढला, की त्या दिवशी आईशी बोलणं झालं नाही तुझं, ॲपवाल्यांना मी सोडणार नाही, पत्र तयार आहे.

ती म्हणाली, "बाबा, मी आईला नव्हते लावत. आई घाबरली असती. तुम्हाला लावत होते."

मी म्हटलं, मला?

"तुम्ही आधी ओरडला असता. मग नीट सांगितलं असतं, काय करायचं ते. शाळेच्या लॅबमध्ये माझा हात भाजला होता, तेव्हा नाही का, ओरडत ओरडत वीस मिनिटं नळाखाली धरून ठेवलात. तिथं लागत नाही हे माहीत होतं मला. तरी सहा वेळा लावला. म्हटलं, तुम्ही ओरडलात की मी उठून बसेन."

मग तिचा डोळा लागला.

बाळानं माझ्या शर्टाचं बटण धरलं होतं. ओजसराव आले, चहा टाकू का विचारलं. मी म्हटलं, टाका. त्यांनी साखर जास्त घातली. प्यालो.

ग्राहक मंचाचं पत्र बॅगेत आहे. संध्याकाळी काढून बघितलं. विरुद्ध पक्षाचा रकाना अजून रिकामाच होता. माझं नाव त्यात बसेल एवढी जागा आहे. मोठं आहे नाव, तरी बसेल.