तिप्पट दोर

बाबा, आज सानपाड्यात आमच्या सोसायटीमागे एक मुलगी झाडावर चढताना पाहिली. एकाच दोरावर. कमरेला चकचकीत कड्या, डोक्याला हेल्मेट, आणि फांदीला हातही न लावता ती सरळ वर गेली. दोराचं दुसरं टोक खोडाशी बांधलेलं होतं आणि तिथे उरलेल्या दोराचं हे एवढं वेटोळं पडलं होतं. खाली उभ्या असलेल्या तिच्या जोडीदाराला मी विचारलं, इतका जास्तीचा दोर कशाला. तो म्हणाला, "मॅडम, वर तिला काय झालं तर आम्ही इथूनच तिला खाली सोडू शकतो." मी घरी येऊन लिहायला बसले.

धक्क्यावरचं खलाशाचं काम सोडून तुम्ही सोसायट्यांची झाडं छाटायला लागलात, तेव्हा मी वाशीला टायपिस्ट होते. तुम्ही अनवाणी, खोडाला मिठी मारून चढायचात आणि वर पोचल्यावर मग कमरेला दोर बांधायचात. म्हणजे पोचेपर्यंत आधार काहीच नाही. डबा भरताना आई रोज विचारायची, "हात निसटला तर?" तुम्ही म्हणायचात, "निसटत नाय." त्याच वर्षी मी ऑफिसातल्या मुलींबरोबर दोन दिवसांच्या गिर्यारोहण शिबिराला गेले आणि एक गाठ शिकून आले. जाड दोराभोवती बारीक दोरीचा फास तीनदा गुंडाळायचा. वजन पडलं की तो दोराला घट्ट धरतो, वजन काढलं की बोटाने वर सरकतो. तुम्हाला ते पटेना. मग स्वयंपाकघरातल्या पाळण्याच्या कडीला तुमचा दोर टांगला, त्यावर ती गाठ मारली आणि गाठीला भरलेला सिलिंडर लटकवला. तो जागचा हलला नाही. तुम्ही खाली मांडी घालून बसलात आणि त्या गाठीकडे बघतच राहिलात. आई म्हणाली, "आधी तो सिलिंडर उतरवा, मला भात टाकायचाय."

पुढचे आठ दिवस तुम्ही जमिनीपासून फूटभर उंचीवर लोंबकळत होतात. मोच्याकडून जाड पट्ट्यांची बैठक शिवून घेतलीत. एक गाठ बैठकीला, दुसरी पायाच्या फासाला. बसायचं, पायाची गाठ वर सरकवायची, फासात उभं राहायचं, बैठकीची गाठ वर घ्यायची, परत बसायचं. सुरवंट चालतो तसं. वाळूची पिशवी बांधलेली सुतळी उंच फांदीवरून फेकायचात, तिच्यामागे दोर ओढून घ्यायचात आणि चढण्याआधी आम्हा दोघांना तो हातांनी धरून लटकायला लावायचात. दोघं म्हणजे मी आणि तुमच्या हाताखाली काम करणारे गावठाणातले काका. "दोर खोडाशी बांधला की फांदीवर दुप्पट भार येतो," तुम्ही सांगायचात. "एका माणसापुरती फांदी चालायची नाय." हे तुम्हाला कोणी शिकवलं, मी कधी विचारलं नाही.

आणि तो लांबच लांब दोर. झाडाच्या उंचीच्या तिप्पट: एक पट वर जायला, एक खाली यायला, एक तुम्हाला उतरवायला. खालचं टोक तुम्ही नुसतं बांधायचा नाहीत. धक्क्यावर जहाजाचा दोर खुंट्याला गुंडाळतात तसे खोडाला तीन वेढे द्यायचात आणि मग गाठ. "मी वर गप पडलो, तर वर कोनी यायचं नाय," तुम्ही आम्हाला बजावलंत. "गाठ सोडायची, वेढे ठेवायचे, दोर सरकवत राहायचं." वाळूचं पोतं वर टांगून आम्हाला किती रविवार ते उतरवायला लावलंत. काका वैतागायचे, "रोज काय हा खेल?"

मग तो रविवार आला. गावठाणाच्या कडेचा जुना शिरीष, एक वाळकी फांदी बालवाडीच्या पत्र्यांवर झुकलेली. मी खाली खोडापाशी आहे. करवतीचा आवाज थांबतो, फांदी कडाडते, तिचं बूड उसळून तुमच्या खांद्यावर बसतं. तुम्ही ओरडतही नाही. मान खाली, हात सुटलेले, तीन मजल्यांच्या उंचीवर तुम्ही संथ गरगर फिरताय. काका चपला काढून खोडाला मिठी मारतात. मी म्हणते, "काका, नाही. वर कुणी जायचं नाही." मी गाठ सोडते. दोर सरकत नाही, सालीत रुतलाय. मी घाईने एक वेढा काढते आणि तो चालायला लागतो. बाबा, तुमचं सगळं वजन माझ्या हातात पाण्याच्या बादलीएवढं लागत होतं. ज्यांनी मला कडेवर घेतलं, त्यांना मी एकटी आभाळातून खाली आणत होते आणि ते मला जमत होतं. शेवटी दोर जरा पळाला, काकांनी तुम्हाला छातीशी धरलं आणि दोघंही पाल्यात बसलात.

डोळे उघडल्यावर तुम्ही पहिलं खोडावरच्या वेढ्यांकडे आणि मग माझ्याकडे बघितलंत. "एक वेढा काढलास ना?" मी हो म्हटलं. "काढायचा नव्हता. रुतला तर हाताने ढकलायचा." आणि मग कण्हलात. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधलेला असतानाच तुम्ही तो दोर मला विळीवर कापायला लावलात, म्हणालात, मार खाल्लेल्या दोरावर परत माणूस चढवायचा नाही. पुढे कितीतरी वर्षं आमच्या बिल्डिंगचे कपडे त्या तुकड्यांवर वाळत होते. आणि हाड जुळल्यावर तुम्ही नवीन दोर आणून परत चढलात, तिप्पट मोजून. गेलात ते तुमच्या अंथरुणात, म्हातारे होऊन.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही सगळ्यांना सांगायचात, "पोरगी कडे चढते माझी." त्या शिबिरात मी जमिनीवरून पाऊल उचललं नाही. पहिल्याच कातळापाशी मी मागे फिरले, म्हणून त्यांनी मला खाली बसवून गाठी शिकवल्या. ज्या गाठीवर तुम्ही इतकी वर्षं जीव टाकलात, तिच्यावर मी एकदाही लटकले नव्हते. तुम्ही असताना हे सांगण्याचा धीर झाला नाही. आता या कागदाला पत्ता नाही, म्हणून लिहिता आलं.