रिटायर माणसाचं नाव

प्रिय लिलाधर,

माझं पत्र पाहून दचकशील. चौथीपर्यंत शिकलेली तुझी बहीण, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण आज मी कोणाले लिहू दिलं नाही. नात डिंपल म्हणे, आजी, फोन कर ना. म्हटलं, नाही. फोनवर तू मधातच बोलतोस. कागदावर तुले चूप बसावं लागते.

पहिले आनंदाची गोष्ट सांगते. तुझ्या भाटव्याचं, माझ्या घरधन्याचं, नाव पाटीवर लागलं! फायर ब्रिगेडच्या अंगणात काळ्या दगडाची पाटी आहे ना, आगीत गेलेल्या जवानांची, तिच्यावर. आसाराम कापगते. सगळ्यात खाली, पण सोनेरी रंगात. रंग ओला होता, मी बोट लावलं तर पेंटर ओरडला, "आजी, तुम्ही अर्धा 'म' पुसला!" पुन्हा काढला बिचाऱ्यानं. तो रंग अजून नखात आहे, भांडे घासले तरी जात नाही, अन् जाऊ पण नये. पेढे वाटले. आख्ख्या गल्लीत वाटले, माझ्याशी भांडणाऱ्या मंदाबाईलेही दिले. तुझ्या घरी नाही पाठवले. राहिले होते चार-पाच, ते मीच खाल्ले.

दोन वर्षं किती चकरा मारल्या मी! ऑफिसमधला साहेब दरवेळेस तेच सांगे, "आजी, तुमचे यजमान सहा वर्षांपूर्वी रिटायर झाले. रिटायर माणूस आगीत गेला तर तो कामावर गेला असं होत नाही." मी म्हणो, बापा, आग त्याले रिटायर समजली का? तर हसे. मग फाइल काढे अन् तुझं बयान वाचून दाखवे. "भाटवे आपल्या मनानं माझ्या राईस मिलमध्ये गेले. मी घरी जेवत होतो. मी त्यांना बोलावलं नाही." त्या तीन ओळीत तीस वर्षांची नोकरी गेली. ना पाटीवर नाव, ना घरच्यांले हक्क. गावात बोलत, म्हाताऱ्याले शौक होता. मी त्या दिवशी जवाहरनगरले लग्नात जेवून राहिली होती, मले काय माहीत! अन् मी घरी पोचली की तुझा फोन, "काय झालं बाई ऑफिसात?" असा मायेनं विचारे तू. मी तुलेच रडून सांगो. आठवलं की अंगाची आग होते.

रत्नाबाईले तू मिलमधून काढून टाकलं, ते फार चांगलं केलं. तीच ना, कोंड्याच्या खोलीत अडकली होती, ह्यांनी ओढून बाहेर आणली ती. दोन वर्षं तुझ्या पगारावर होती, तोंडाले कुलूप. काम सुटलं तशी तिसऱ्या दिवशी माझ्या अंगणात येऊन बसली. चहा पण नाही घेतला. म्हणे, सखाबाई, लिलाधरभाऊनं आधी फायर ब्रिगेडले फोन लावला होता, मी आतूनच ऐकलं. फोनच्या स्पीकरवर तिकडून सांगितलं, गाडी दुसऱ्या आगीवर आहे, वेळ लागेल, आसारामजी शहापूरलेच राहतात, त्यांना पुढे न्या. अन् तूच मोटारसायकलवर घेऊन आला ह्यांले, चपला पण घालू दिल्या नाही.

दुसऱ्या दिवशी मी अन् डिंपल फायर ब्रिगेडमध्ये हजर. फोनचं रजिस्टर दाखवा म्हटलं. जुने रजिस्टर कपाटावर, धूळ एवढी की डिंपल शिंकून शिंकून बेजार. पण सापडलं रे! "शहापूर राईस मिल, आग. आसारामजींना पुढे पाठवण्यास सांगितले." एक ओळ, खाली सही. तिथला मोठा अधिकारी खुर्चीतून उठला. म्हणे, "आमच्या शब्दावर गेले, म्हणजे आमचेच होते." मी तिथेच मांडी घालून बसली अन् रडली, मग हसली. आता कामावर गेलेल्याच्या घरी जे मिळते ते सगळं मिळणार. वारस म्हणून नोकरीसाठी डिंपलचं नाव लागलं, ती फायरच्याच ट्रेनिंगले जाणार. सकाळी नहराच्या काठानं धावते, मी मागून ओरडते म्हणून कुत्रे पण धावतात.

आता ऐक. चौदा एप्रिलले अग्निशमन दिन, फायर ब्रिगेडचा कार्यक्रम आहे, घरच्यांले पुढच्या खुर्च्या. मी ऐकलं की तू नवा सदरा शिवून राहिला. लोकांले सांगतोस, मीच धावपळ केली. येऊ नको. अधिकाऱ्यानं मले एकच विचारलं, बोलावलं होतं की नाही. तेवढंच मी सांगितलं. पण रत्नाबाईनं मले त्याच्या पुढचंही सांगितलं. हे धुरात शिरताना एक माणूस दारात उभा करत, त्यानं हलायचं नाही, नाव घेऊन ओरडत राहायचं, म्हणजे आतला आवाजाच्या मागं बाहेर येते. त्या दिवशी दारात तू होता. रत्नाबाईले बाहेर टाकून, अजून कोणी आहे का पाहायले हे परत आत गेले, अन् तू नवा ट्रॅक्टर काढायले मागं पळाला. आतून दोनदा आवाज आला, "लिलाधर, कुठं आहेस?" ती जमिनीवर पडून खोकलत होती, तिच्या तोंडून आवाज फुटला नाही. मी हे अधिकाऱ्याले नाही सांगितलं, अन् सांगणार पण नाही. तुझ्यासाठी नाही. ह्यांच्या कागदावर ह्यांच्या नावाजवळ तुझं नाव मले नको आहे. पण मले माहीत आहे, एवढं तुले माहीत असावं, म्हणून हा कागद.

तुझीच असं लिहायचा रिवाज आहे, ते आज हातून लिहिलं जात नाही.

सखाबाई आसाराम कापगते