तुझं पत्र तिनेच वाचलं

दि. ११ जानेवारी

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. गुडघे सोडले तर माझं सगळं ठणठणीत आहे. तुझ्या मुलाचं लग्न ठरलं, ऐकून फार बरं वाटलं. एकदाचा कुणाला तरी पसंत पडला!

पण बये, पत्र लिहिताना तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती? मला अक्षर ओळखता येत नाही. मग माझी पत्रं कोण वाचतं? माझी नात. तिने तुझं पत्र एक शब्द न गाळता वाचलं: ‘पोरीला घरीच ठेवून ये. चारचौघांत तमाशा नको.’ मग पत्राची नीट घडी घातली आणि म्हणाली, “आजी, पोरगी म्हणजे मी.”

हेही पत्र तीच लिहितेय. जरा गोड करून लिही म्हटलं, तर म्हणते, “तू बोललीस तेच लिहिणार.” तेव्हा सोस आता.

तिची चौकशी तू केली नाहीस, तरी सांगते. बुकबाइंडरकडे कामाला लागून तिला दोन वर्षं झाली. छापून आलेले कागद क्रमाने लावते. एक पान चुकलं तरी ती गठ्ठा पुढे जाऊ देत नाही. रेडिओ लागला की कान दाबून बसायची, म्हणून मालकाने सकाळचा रेडिओच बंद केला. पुस्तकं शिवणाऱ्या बाया आधी कुरकुरल्या. आता म्हणतात, “बरं झालं, एकमेकींच्या चहाड्या नीट ऐकू येतात.” डॉक्टरीणबाई याला ऑटिझम म्हणतात. मी कित्येक वर्षं हट्ट म्हणत होते.

तुला तरी काय बोलू? हे तू माझ्याकडूनच शिकलीस. तिच्या आत्याच्या लग्नात ती सात वर्षांची होती. बँड वाजला, ती किंचाळली. मी तिला मागच्या खोलीत बसवलं आणि पाहुण्यांना सांगितलं, ताप आलाय. ताप नव्हता.

इथे तिचं पेन थांबलं.

“मग खोटं का बोललीस?”

“लोकांना काय वाटेल म्हणून.”

“तुला काय वाटलं?”

धाकटे, मी भल्याभल्यांना गप्प केलंय. हिच्यापुढे मात्र खरं बोलावं लागलं. “लाज वाटली,” म्हटलं. “तुझी.”

तिने तेही लिहिलं. म्हणाली, “पुढे सांग.” रडायचं काम माझ्याकडेच आलं.

तर ऐक. येऊ तर दोघी. दाराजवळची खुर्ची तिची. बँड वाजला की ती बाहेर फेरी मारून येईल. कुणी विचारलं तर सांग, माझ्या ताईची नात, पुस्तकं बांधते. नाक मुरडणाऱ्यांना माझ्याकडे पाठव. बसल्या जागी मलाही काही काम हवंच.

आमंत्रण मात्र नव्याने धाड. पाकिटावर तिचं नाव घाल. मी तिच्यासोबतची पाहुणी म्हणून येईन.

तुझ्यावर रागावलेली, तरी बॅग काढून ठेवलेली,
तुझी ताई