दोन अंशांखालची गळती

७ जानेवारी
हेलियमच्या पात्राला पुन्हा गळती! डिसेंबरपासून तिसऱ्यांदा! निरपेक्ष शून्याच्या वर चार अंशांपर्यंत सगळं ठणठणीत. दोनच्या जवळ आलं की हेलियम अतिप्रवाही होतं, आणि जिथून वायूसुद्धा जात नाही अशा फटीतून सुळकन बाहेर! प्रयोग बंद. मार्चअखेर प्रबंध द्यायचाय. मुदत आता वाढणार नाही. डोकं नुसतं तडकलंय.

८ जानेवारी
वर्कशॉपच्या काकांना जाब विचारला. नळ्यांच्या सांध्यांचे सगळे डाख त्यांच्याच हातचे — चौतीस वर्षं हेच करतायत. चहा ढवळत म्हणतात, "गरम असताना तपासलं तेव्हा गळत नव्हतं ना? मग थंडीलाच विचार." थंडीला विचारू! यांची जूनमध्ये निवृत्ती, माझी मात्र आत्ताच वाट लागलीये.

११ जानेवारी
सगळे डाख खरवडून पुन्हा लावायला सांगितले. लावतायत. हात थरथरतो. दर पाच मिनिटांनी चष्मा पुसतात. वर तोच उपदेश — "पात्राचं झाकण उघडलं की फट बुजवणारी इंडियमची मऊ तार नवी घालायची, पोरी. एकदा चेपलेली पुन्हा बसत नाही." अहो, पहिल्या वर्षापासून ऐकतेय! डिसेंबरात काकूंच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले होते, तेव्हा झाकण उघडून तापमापक मीच बदलला की. दुपारपर्यंत काम खलास. काही अडलं?

१९ जानेवारी
चौथी खेप. गळती. तडक गाइड सरांकडे गेले आणि बोलले. सगळं. हात थरथरतो, तेही.

२० जानेवारी
सरांनी काकांना भांडारात बसवलं. पावत्या फाडायला. जाताना काकांनी वर्कशॉपच्या कपाटाची चावी माझ्या टेबलावर ठेवली. "जपून कर गं." बस, एवढंच! चिडावं ना माणसानं! चार शब्द सुनावले असते तर मलाही बरं वाटलं असतं.

२४ जानेवारी
नवा माणूस. नवे डाख. तीच गळती! टेबलावर मूठ आपटली. दुखतेय.

२७ जानेवारी
आज वरचं झाकण उघडलं. डिसेंबरनंतर त्याला कोणी हातच लावला नव्हता. खाचेत इंडियमची तार — चपटी, दोनदा दाबल्याच्या दोन रेषा स्पष्ट. जुनीच. नवी तेव्हा कपाटात होती, कपाटाला कुलूप, काका काकूंजवळ दवाखान्यात. आणि मला घाई होती.

चावी अजून टेबलावरच आहे. भांडार साडेनऊला उघडतं.